ब्रेक ऑइलनेच त्याचा रंग उतरवला : इंदूरमधला फसवणुकीचा अनुभव

इंदुरात घरी येऊन गाडी दुरुस्त करून देणाऱ्यांचा सध्या सुळसुळाट झालाय. त्यात सरळ माणसंही असतील, पण माझ्या वाट्याला आलेला एक नंबरचा बनेल निघाला. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र सविस्तर सांगते, कारण ती वापरणारा तो एकटा नसणार.

गाडी म्हणजे आमची जुनी वॅगनआर. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. पुढचे ब्रेक पॅड (डिस्कला घासून गाडी थांबवणारे) वाजायला लागले होते, एवढंच दुखणं. सासूबाईंना ओंकारेश्वरला न्यायचं होतं. खंडवा रोडने गेलं की सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरावा लागतो, म्हणून म्हटलं निघण्याआधी पॅड बदलून घेऊ. हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं आणि त्याला आयताच धागा मिळाला. पुढे प्रत्येक वेळी तो एकच वाक्य फेकायचा, "मैडम, घाट उतरना है तो ब्रेक में रिस्क नी लेते." यावर कोण काय बोलणार? एसी किंवा म्युझिक सिस्टीम असती तर मी घासाघीस केली असती. ब्रेकच्या बाबतीत गप्प बसून पैसे दिले जातात आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच त्याने जॅक लावला, पुढची चाकं काढली, पॅड घातले, "ऑइल भी नया डाल दिया" म्हणाला आणि 3,400 रुपये घेऊन गेला. संध्याकाळी गाडी काढली तर पेडल पहिल्या दाबाला अर्ध्याच्याही खाली गेलं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर वर आलं. फोन केला. "नए पैड हैं, बैठने में टाइम लगता है."

हे अर्धसत्य नीट समजून घ्या. नवे पॅड डिस्कवर बसायला थोडी गाडी चालवावी लागते हे खरंच आहे. पण तोवर गाडी थांबायला जरा जास्त जोर लागेल, पेडल असं मऊ होऊन खाली जाणार नाही. पाय लोण्यात गेल्यासारखा वाटला की बहुतेक वेळा पाइपात हवा असते. नुसते पॅड बदलताना ब्रेकची लाइन उघडायची गरजच नसते. त्याने पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलायला कॅलिपरचं (पॅड धरणाऱ्या भागाचं) निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, सोडलं, ऑइल बाहेर येऊ दिलं आणि हवा न काढताच निपल पुन्हा आवळलं. म्हणजे बिघाड त्यानेच केला आणि पुढे त्याच बिघाडावर इलाज विकायला तोच आला.

पुन्हा आला तेव्हा बोनेट उघडून टॉर्च मारला, चेहरा पाडला आणि "मास्टर सिलेंडर बैठ गया" असं जाहीर केलं. म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग. पार्ट काढून घेऊन गेला, दुपारी नवा म्हणून चकचकीत पार्ट घेऊन आला. 5,200 रुपये. जुना पार्ट मागितला तर म्हणे कंपनीत जमा करावा लागतो. साध्या कागदावर लिहिलेलं बिल दिलं. जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही, आणि खाली एक ओळ : एबीएस सर्विस, 800. नसलेल्या एबीएसची सर्व्हिस! एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं, आमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची.

पेडल थोडं सुधारलं, मग पुन्हा तेच. आता तो बूस्टरवर (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागावर) आला होता. सात हजार सांगितले. हे ऐकून खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अगं, आधी किल्ली दे इकडे." काका पिथमपूरच्या कारखान्यात क्वालिटीत होते, आता निवृत्त.

त्यांनी पाना हातात न घेता तीन गोष्टी केल्या. प्रत्येकाने शिकून ठेवाव्यात अशा आहेत, गाडी उभीच ठेवायची असते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबलं, कडक झालं तसं दाबून धरलं आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू होताच पेडल किंचित खाली सरकलं. म्हणजे बूस्टर ठणठणीत. मग चालू इंजिनवर पेडल दाबून धरून ठेवलं. ते जागचं हललं नाही. मास्टर सिलिंडरचे सील गळत असते किंवा कुठे गळती असती तर पाय हळूहळू खाली गेला असता. शेवटी भराभर दाबून पाहिलं, तर दर दाबाला पेडल थोडं वर येत गेलं. "हवा आहे. बूस्टर काय मागतोय मेला!"

मग बोनेट. मास्टर सिलिंडर चांदीसारखा चमकत होता, पण ऑइलच्या टाकीच्या खालच्या बाजूला त्या चमकीला सुरकुत्या पडल्या होत्या. काकांनी नखाने ओढलं तर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा निघाला. आत आमचाच जुना, काळपट डागांचा पार्ट. ओतीव अक्षरांच्या खाचांत जुनी माती तशीच होती. ब्रेक ऑइल रंग खातं, गाडीच्या बॉडीवर सांडलं तरी रंग उठतो. या पठ्ठ्याने स्प्रे मारून जुनाच पार्ट परत बसवला आणि बसवताना ऑइल ठिबकवलं. त्याच ऑइलने त्याला उघडा पाडला.

"नवं" ऑइलही पाहिलं. ताजं असतं ते फिकट पिवळसर, आमच्या टाकीत कडक चहाच्या रंगाचं होतं. चाक काढल्यावर तर मला हसू की रडू कळेना. बाहेरचा पॅड कोरा, आतला जुना, लोखंडी पट्टीपाशी आलेला. दुसऱ्या चाकातही तसंच. बाहेरून डोकावलं तर नवा पॅड दिसावा, एवढीच व्यवस्था.

पॅड अधिकृत डीलरच्या काउंटरवरून आणले, ऑइलची सीलबंद बाटली आणली. कोणतं ऑइल ते टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून उघडून ठेवलेली बाटली कोणी आणली तर घेऊ नका. डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ताजं असताना निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा निकष आहे, ओल शिरल्यावर हाच आकडा 155 वर येतो. घाटात सतत ब्रेक दाबत उतरलं की ऑइल तापतं, उकळलं की वाफ होते आणि वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. आमचं ते चहाच्या रंगाचं ऑइल भेरूघाटात काय करणार होतं, याचा विचार मी फार वेळ केला नाही.

हवा काढायला दोन माणसं लागतात. मी आत, काका चाकापाशी. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं. "दाब... धर... आता सोड." पेडल धरलेलं असताना निपल सैल करायचं आणि ते पुन्हा आवळल्याशिवाय "सोड" म्हणायचं नाही, नाहीतर हवा परत आत ओढली जाते. डाव्या पुढच्या चाकातून बुडबुड्यांची माळच निघाली. चाकांचा क्रम गाडीगाडीप्रमाणे बदलतो, मॅन्युअलमध्ये पाहायचा. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. आणि हाताशी जाणता माणूस नसेल तर मऊ पेडलची गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. काकांचं सगळं झालं तेव्हा पेडल वरच्या वर घट्ट लागत होतं. सगळा खर्च त्याने सांगितलेल्या बूस्टरच्या निम्म्याहून कमी.

पैशांचं म्हणाल तर त्याने फोन उचलणं बंद केलं. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कागदी बिलाला काही अर्थ नव्हता, पण पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे खात्यावरचं नाव, तारीख, रक्कम सगळं हाती होतं. रोख दिले असते तर बोंबलत बसले असते. मास्टर सिलिंडरचे 5,200 मुकाट परत आले, सोबत मेसेज, "गलतफहमी हो गई थी मैडम." बाकीच्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. 2019 च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही. दोन्ही आतले पॅड, रंगाचा पापुद्रा आणि टाकीतून काढलेल्या ऑइलची बाटली एका खोक्यात घालून वर तारीख लिहून ठेवली आहे. तारीख लागली की घेऊन जाईन.