वित्र: इशानंतर लगेच की पहाटे उठून?

वित्र म्हणजे इशाच्या, रात्रीच्या नमाजेनंतर ते पहाटेच्या फजरच्या आत पढायची विषम रकातींची नमाज; रकात म्हणजे नमाजेचं एक आवर्तन. रमजानमध्ये तरावीहनंतर, म्हणजे त्या महिन्यातल्या रात्रीच्या खास नमाजेनंतर, जमातीतच, सगळ्यांबरोबर वित्र होते, तेव्हा हा प्रश्न उरलेल्या अकरा महिन्यांचा. मी दोन्ही करून पाहिलंय. पहाटेची वित्र सलग दोन वर्षं.

दर्जा बघाल तर पहाट वरचढ. ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात नबींचे साथी हजरत जाबिर यांची हदीस आहे: उठण्याची खात्री नसेल त्याने आधी पढावी, उमेद असेल त्याने शेवटी, कारण शेवटच्या प्रहरातल्या नमाजेला फरिश्ते हजर असतात. शिवाय ती शांतता. आम्ही कोकणी, शाफई पंथाचे. दोन रकातींवर सलाम फेरून, म्हणजे तिथे नमाज संपवून, मग एक वेगळी. कुर्ल्याचा रस्ता साडेतीनला निवांत असतो, तेव्हा त्या एका रकातीत इख्लास, फलक, नास या कुरआनातल्या छोट्या सूरा सावकाश पढताना आपलाच आवाज नव्याने ऐकू येतो.

पण राखून ठेवलेली वित्र मला झोपू देईना. एकला जाग, उशीखालचा मोबाइल बघायचा. अडीचला पुन्हा. आणि साडेतीनच्या गजराला नेमकी गाढ झोप. दहा बाय बाराच्या खोलीत गजर एकट्याचा नसतो. दुसरी पाळी करून बाराला आलेला भाऊ कूस बदलायचा, तेव्हा मला अपराधी वाटायचं. मे महिन्यात तर फजर पावणेपाचच्या आसपासच लागते. एकदा साडेचारला उठलो, तोवर पाणी आलेलं, मोरीत बादल्यांची रांग. दोन बादल्यांच्या मधे वुजू केली, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुतलं, नियत बांधली आणि पहिली रकात संपायच्या आत मोबाइलवर अजान झाली. त्या महिन्यात अशा कितीतरी वित्र कजा झाल्या, वेळ टळून गेली.

आधी पढली की तहज्जुदचं, म्हणजे झोपेतून उठून पढायच्या ऐच्छिक नमाजेचं दार बंद, असं मीही समजत होतो. तसं नाही. एका रात्रीत दोन वित्र नाहीत, एवढंच हदीसमध्ये आहे. जाग आली तर दोन-दोन रकाती पढाव्यात, वित्र पुन्हा नाही. नबींचे साथी हजरत अबू हुरैरा यांना झोपण्याआधी वित्र पढण्याची ताकीद खुद्द नबींनी दिली होती. हजरत अबू बक्र आधी पढायचे, हजरत उमर उशिरा. नबींनी एकाच्या वागण्याला खबरदारी म्हटलं, दुसऱ्याच्या वागण्याला हिंमत. चुकीचं कुणालाच ठरवलं नाही.

शेजारचे चाचा हनफी पंथाचे आहेत. तीन रकाती एका सलामाने, तिसरीत रुकूआधी, म्हणजे कमरेत वाकण्याआधी, कुनूतची दुआ. त्यांच्याकडे वित्र वाजिब, आवश्यक, म्हणजे चुकली तर कजा करावीच, नंतर पढून भरून काढावीच लागते. तिथे आधी पढून घेणं मला जास्तच शहाणपणाचं वाटतं. बाकी त्यांनी आपल्या इमामांना विचारावं.

माझ्या आईला मात्र गजर लागत नाही. तिला तीनला आपसूक जाग येते, वित्रही ती तेव्हाच पढते, आणि तिला मी कधी आधी पढ म्हटलेलं नाही. मी इशानंतर तीन रकाती पढून आडवा होतो. आठवड्यातून दोनदा तरी तिच्या तसबीहच्या, जपाच्या आवाजाने डोळा उघडतो, मग तिच्या बाजूला दोन रकातींना उभा राहतो.