विखुरलेले उतारे एकत्र आणणारे ‘डिट्टो’

संपादनाच्या कामात दिवसभर कॉपी-पेस्ट चालते आणि संगणकाचा क्लिपबोर्ड मुळात एका वेळी एकच मजकूर धरून ठेवतो. नवा उतारा उचलला की आधीचा गेला. ऑक्टोबर २०१८च्या अपडेटपासून विंडोज १०मध्ये याला उत्तर मिळाले. विंडोजची कळ आणि ‘व्ही’ एकत्र दाबले की आधी कॉपी केलेल्या नोंदी समोर येतात. ही यादी २५ नोंदींपुरतीच आहे, पिन न केलेल्या, म्हणजे यादीत कायम ठेवण्याची खूण न केलेल्या, नोंदी संगणक पुन्हा सुरू केल्यावर राहत नाहीत आणि, माझ्या कामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्यांतल्या चार-पाच निवडून एकदम पेस्ट करता येत नाहीत.

ही उणीव ‘डिट्टो’ हे विंडोजसाठीचे मोफत, मुक्तस्रोत (ज्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला असतो असे) सॉफ्टवेअर उत्तम रीतीने भरून काढते. गेल्या महिन्यात एका दीर्घ लेखासाठी मला सात पीडीएफ फायलींमधून अकरा उतारे हवे होते. फायली सोडून मध्येच वर्डमध्ये न येता मी ते एकामागून एक कॉपी करत गेलो आणि शेवटी वर्ड उघडून कंट्रोलसह १ या अंकाच्या डावीकडची कळ दाबली. पहिल्या नोंदीवर क्लिक केले, शिफ्ट धरून अकराव्या नोंदीवर क्लिक केले, एंटर दाबले आणि सगळे उतारे एकाखाली एक उतरले. यादीत ताजी नोंद सर्वांत वर असते, म्हणून क्रम एकदा तपासून घ्यावा. तो उलटा करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. दोन उताऱ्यांच्या मध्ये काय यावे हेही तिथेच ठरवता येते. मी रिकामी ओळ ठेवली आहे, कारण त्याशिवाय एक उतारा कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे शोधण्यातच वेळ जातो. उतारा कोणत्या पानावरचा आहे हे मात्र आपोआप नोंदले जात नाही. त्यामुळे प्रत्येक उताऱ्याआधी पुस्तकाचे नाव आणि पृष्ठांक टाइप करून तेही कॉपी करण्याची सवय मी लावून घेतली आहे.

युनिकोडमधली, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतली, मराठी व्यवस्थित जपली जाते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या मजकुराबाबत मात्र सावध राहावे लागते, कारण तो मराठी दिसतो तो केवळ फॉन्टमुळे. साधा मजकूर म्हणून पेस्ट करताच फॉन्ट गळून पडतो आणि पानभर रोमन अक्षरे व चिन्हे उरतात. हा डिट्टोचा दोष नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून मगच गोळा करावा.

विंडोजऐवजी लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांसाठी ‘कॉपीक्यू’ हा चांगला पर्याय आहे.

डिट्टोमधल्या नोंदी संगणक बंद केल्यावरही टिकतात, हे जितके सोयीचे तितकेच जोखमीचे आहे, कारण कॉपी केलेला पासवर्डही त्या यादीत जाऊन बसू शकतो. ज्या प्रोग्रॅममधून काहीही साठवले जाऊ नये, त्याचे नाव वगळण्याच्या यादीत पहिल्याच दिवशी घालावे.