टणटणीच्या नोंदी: आयनॅचरलिस्ट की क्यूफील्ड?

ओढ्याकाठची टणटणी, म्हणजे घाणेरी किंवा लँटाना हे पसरत जाणारं परकं झुडूप, काढायला घेतली की नोंदी कशात ठेवायच्या, हा प्रश्न पहिल्या फेरीतच येतो. मी आयनॅचरलिस्ट (दिसलेल्या जिवांच्या नोंदींचं) आणि क्यूफील्ड (जागेवर उभं राहून नकाशात नोंदी भरायचं) ही दोन्ही अ‍ॅप वापरली आहेत. दोन्ही फुकट आहेत आणि रेंज नसली तरी नोंद घेता येते, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही.

आयनॅचरलिस्टचं खरं बळ ओळखीत आहे. फोटो टाकला की जाणकार नाव सुचवतात. नावावर एकमत झालं आणि नोंदीचा परवाना खुला, म्हणजे इतरांना वापरू देणारा असला, की ती जीबीआयएफ या जीवनोंदींच्या जागतिक साठ्यातही जाते. नवख्या माणसाच्या हाती ते बिनधास्त देता येतं. तुमच्या ओढ्यावर नेमकं काय पसरतंय हेच नक्की नसेल, तर तेच घ्या. टणटणीला मात्र ही मदत फारशी लागत नाही. चौकोनी खरखरीत फांदी, पान चुरगळलं की येणारा उग्र वास, एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं. एकदा पाहिलेला माणूस सहसा चुकत नाही.

माझं घोडं अडलं ते पुढे. टणटणी नुसती छाटली तर बुंध्यापासून पुन्हा फुटते. म्हणून दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांच्या पद्धतीत मुख्य मूळ जमिनीखाली तोडतात आणि झुडूप उलटं करून ठेवतात. तरीही एखादा बुंधा सुटतोच. शिवाय पक्षी ज्या झाडांवर बसतात, त्यांच्याखाली बियांची नवी रोपं येत राहतात. म्हणजे त्याच जागी पुन्हा पुन्हा जाणं आलं.

आयनॅचरलिस्टवर एक नोंद म्हणजे एका वेळी एका जागी दिसलेला जीव. ते अ‍ॅप त्यासाठीच आहे, त्यात त्याचा दोष नाही. पण मी काठावर उभा, समोर बोटभर हिरवे फुटवे आलेला बुंधा, आणि नकाशावर तीन ठिपके: एक फुलाचा, एक तोडलेल्या बुंध्याचा, तिसरा पाण्यापलीकडचा. दाट झाडीत जीपीएस सरकतं, ते कुठल्याही अ‍ॅपमध्ये सरकणारच. पण यातलं हे झुडूप कोणतं, आणि गेल्या वेळी ते काढलं होतं का? प्रत्येक फेरीला हेच कोडं. शिवाय ‘इथे आता काही नाही’ अशी नोंद तिथे होत नाही, आणि काढणाऱ्याला तीच सगळ्यांत मोलाची.

क्यूफील्डमध्ये झुडपाला क्रमांक देऊन एकच बिंदू ठेवता येतो आणि प्रत्येक भेट त्याच बिंदूला जोडता येते: तारीख, काढलं का, फुटवा आहे का, आसपास रोपं किती. ठिपका थोडा सरकला तरी क्रमांकावरून झुडूप सापडतं. त्रास आहे तो सुरुवातीला. आधी संगणकावर क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म बांधावा लागतो, आणि गटात ते जाणणारा एक तरी माणूस हवा. तो नसेल तर आग्रह धरणार नाही. असेल, तर मला वाटतं ही मेहनत दुसऱ्या हंगामातच वसूल होते.

नवीन पट्ट्यात टणटणी पहिल्यांदा दिसली की एक फोटो आयनॅचरलिस्टवर जरूर टाका. बाकी सगळं क्यूफील्डमध्ये. पावसाळ्यात माती मऊ असताना, ज्या झुडपांपुढे फुटव्याचा रकाना अजून रिकामा आहे ती आधी निवडून घ्या आणि फेरी तिथूनच सुरू करा.