आप्पांची कीर्तनं, एक मेलेली हार्डडिस्क आणि साडेसातशेचं केसिंग

बॅकअपला कुठली हार्डडिस्क घेऊ असं मला ऑफिसात, सोसायटीत, माहेरी एवढ्या जणांनी विचारलंय की एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकते. मी काही कॉम्प्युटरवाली नाही, बँकेत नोकरी करते, पण या विषयात चौदा हजार रुपये फी भरून शिकलेय त्यामुळे चार शब्द बोलायचा हक्क आहे असं समजा.

तर झालं असं. आमचे आप्पा कीर्तनकार. ते गेल्यावर कपाटातून ७२ कॅसेट निघाल्या, काही साठच्या, बऱ्याचशा नव्वदच्या, कुणी कुणी देवळात टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या. लॉकडाउनमध्ये बसून मी त्या सगळ्या लॅपटॉपवर घेतल्या, टेपच्या हेडफोन जॅकमधून वायर टाकून, आणि यात शॉर्टकट नसतो, नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच घेते. वेव्ह फाइल (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी) मिनिटाला साधारण १० एमबी खाते, सगळं मिळून साठ-पासष्ट जीबी झालं. ते एका पोर्टेबल डिस्कवर टाकलं, लॅपटॉपवरून उडवलं कारण जागा नव्हती, आणि कॅसेटना बुरशी लागली होती म्हणून त्या भंगारवाल्याला दिल्या. हो, माहितीये मला. घरच्यांचं ऐकून झालंय.

दोन वर्षांत त्या डिस्कचं पोर्ट सैल झालं. ती रुंद चपटी पिन असते बघा, मायक्रो-बी म्हणतात तिला, ती जरा हलली की डिस्क टुडुंग करून जायची आणि परत यायची, मग मी केबलखाली वही ठेवून, रबर लावून चालवत राहिले आणि एक दिवस विंडोज म्हणालं डिस्क फॉरमॅट करायची आहे का. मला वाटलं त्यात काय, आत लॅपटॉपवालीच डिस्क असणार, काढून दुसऱ्या डब्यात घालू. रिकव्हरीवाल्याने उघडून दाखवली तर यूएसबीचं पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डावरच सोल्डर केलेलं, साटा कनेक्टर, म्हणजे डिस्क कुठल्याही डब्यात बसवायची नेहमीची जोडणी, तीच नाही! म्हणजे डबा बदलायचा प्रश्नच मिटला. बऱ्याच रेडीमेड पोर्टेबल डिस्क आतून अशाच असतात आणि बॉक्सवर ते कुठेही लिहिलेलं नसतं. काहींमध्ये तर तो बोर्ड डेटा एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून ठेवतो, मग नुसता बोर्ड बदलूनही भागत नाही.

तीन आठवडे, चौदा हजार, आणि अर्ध्याहून जरा जास्त फाइल परत मिळाल्या, पण नावं सगळी गेली. एफ शून्य शून्य चार आठ अमुक तमुक डॉट वेव्ह अशा फाइली, कुठलं आख्यान ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. एकीत चिलया बाळाचं आख्यान आहे, चांगुणा उखळाशी बसते आणि आप्पा आवाज खाली आणतात आणि फाइल तिथेच संपते.

असो. मग मी लॅमिंग्टन रोडला गेले, ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला उतरून. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण ते नाव सांगितलंत तर टॅक्सीवाला तुमच्याकडेच बघत बसेल.) दुकानदाराने नेहमीप्रमाणे दोन रेडीमेड बॉक्स पुढे केले, मी म्हणलं दादा मला सुटी २.५ इंची साटा डिस्क द्या आणि वेगळं केसिंग, म्हणजे तो डबा, द्या. "ताई, रेडीमेड स्वस्त पडेल." पडलं असतंच. सुटी २ टीबीची सीगेट बॅराकुडा आणि वर साडेसातशेचं केसिंग, एकूण हजारभर जास्त गेले. पण उद्या पोर्ट तुटलं तर साडेसातशेत काम होतं आणि डिस्क सुखरूप. माझ्यासाठी सगळा मुद्दा एवढाच आहे, कंपनी कुठली हे नंतर. एक लक्षात ठेवा, सुटी घेणार असाल तर २ टीबीपर्यंतच थांबा, ४-५ टीबीच्या २.५ इंची डिस्क १५ मिलिमीटर जाड असतात, नेहमीच्या केसिंगमध्ये मावत नाहीत.

घरी आणल्यावर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलं. फुकट आहे, आणि पॉवर ऑन अवर्स, डिस्क एकूण किती तास चाललीय ते, दाखवतं, म्हणजे नवीन म्हणून वापरलेली डिस्क गळ्यात मारली असेल तर बहुतेक वेळा तिथेच कळतं. माझी शून्य तास निघाली. नंतरही दोन-तीन महिन्यांतून बघते, रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागा, वाढायला लागले, निळ्याचं पिवळं झालं, की डेटा हलवायचा, वाट बघायची नाही. आणि २ टीबीच्या डिस्कवर १.८१ दिसतात म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

आता तक्रार. डिस्क स्लो आहे. सुरुवातीला शंभरच्या वर स्पीड दाखवते आणि पंधरा-वीस जीबी गेले की दम लागतो, वीस-तीस एमबीवर येते. ही एसएमआर पद्धतीची आहे, म्हणजे आतले ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, खालचं कौल बदलायचं तर वरचीही उचलावी लागतात. रोज व्हिडिओ एडिट करणाऱ्याने हिच्या वाटेला जाऊ नये. बॅकअपला मला फरक पडत नाही, रात्री लावून झोपते. केसिंगसोबतची केबल मात्र वीतभर, लॅपटॉपच्या शेजारी डिस्क जवळजवळ लटकते. डिस्कला चार स्टार, केसिंगला साडेचार, केबलला एक, तोही ती चालते म्हणून.

यजमानांनी स्वतःच्या फोटोंसाठी सॅमसंग टी७ घेतली, १ टीबी, ही एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणारी. वस्तू झकास आहे, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, कंपनी सेकंदाला १०५० एमबीचा दावा करते, आमच्या जुन्या लॅपटॉपच्या पोर्टाला तेवढं झेपतच नाही तरी अख्खं फोल्डर चहा होईपर्यंत जातं. हातातून पडली तरी आत फिरणारं काही नाही त्यामुळे धडधड होत नाही. पण एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नाही, आतला चार्ज हळूहळू गळतो, आणि गेली की बहुतेक वेळा काही न सांगता जाते, हार्डडिस्क निदान आधी कण्हते तरी. रोजच्या वापराला टी७, ठेवणीला फिरणारी डिस्क, असं आमच्या घरात ठरलंय.

तिसरं म्हणजे गूगल वन, गूगलकडे इंटरनेटवर विकत मिळणारी जागा. १५ जीबी फुकट असतात पण त्यात जीमेल, फोटो सगळं आलं, आणि फोटो अनलिमिटेड फुकट ठेवायची चैन १ जून २०२१ लाच संपली. मी १०० जीबीचा प्लॅन घेतला, वर्षाला १३०० रुपये. कीर्तनं फ्लॅक नावाच्या फाइल प्रकारात केली, आवाजात काहीच कमी होत नाही आणि साइझ जवळपास निम्मी होते, दोन रात्रींत चढली. पण यातला घोळ नीट समजून घ्या, लॅपटॉपवर सिंक, म्हणजे इथलं फोल्डर आणि गूगलवरचं आपोआप सारखं ठेवणं, लावलेलं असेल आणि तिथे कुणी फोल्डर डिलीट केलं तर ते वरूनही जातं. आमच्या भाच्याने हे करून दाखवलंय. ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं म्हणून वाचलो. म्हणून मी आता सिंक बंद करून ब्राउजरमधूनच अपलोड करते. आणि दोन वर्षं अकाउंट कुणी उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, तेव्हा सेटिंगमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे, अकाउंट पडून राहिलं तर ते कुणाला द्यायचं हे सांगायला, तिथे मुलीचं नाव घालून ठेवलंय. हे करताना जरा कसंतरी झालं, पण आप्पांच्या कपाटाची किल्लीसुद्धा आम्हाला दोन दिवस सापडत नव्हती.

१६ टीबी एसएसडी दीड हजारात अशा जाहिराती येतात त्यावर काय बोलणार. आत ६४ जीबीचं मेमरी कार्ड आणि विंडोजला खोटा आकडा सांगणारी चिप, भरत जाल तसं मागचं पुसत जातं. शेजारच्या काकांनी घेतली होती, एच२टेस्टडब्ल्यू, म्हणजे डिस्कची खरी जागा भरून तपासणारं सॉफ्टवेअर, चालवून दाखवलं तेव्हा पटलं त्यांना.

पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरचा ३-२-१ चा नियम आहे, तीन कॉपी, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची आम्ही सणांवर बसवलीय. तशीच दुसरी डिस्क घेतली, भाऊबीजेला दादा डोंबिवलीला आला की त्याच्याबरोबर एक नाशिकला जाते, राखीला ती परत येते आणि इथली जाते, मिळाली की कुठल्याही तीन फाइल उघडून मिनिटभर ऐकायच्या. गेल्या खेपेला त्याने परस्पर ती गाडीच्या स्टीरिओला लावली आणि फोन केला, अगं डिस्क गेली, काहीच दिसत नाही. माझ्या पोटात गोळा. नंतर कळलं, स्टीरिओला एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाइल ठेवायची पद्धत, वाचता येत नाही एवढंच. मग त्याला साधा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट करून एमपी३ भरून दिला. आता कसारा घाटात आप्पांचं कीर्तन चालू असतं आणि वहिनी म्हणते जरा गाणी लावा.