नाशकात वसंतात पायी फिरायचे कपडे: सहा महिन्यांच्या वापरानंतर

मार्चमध्ये नाशकात पहाटे १५-१६ अंश असतात आणि दुपारी मेन रोडवर पारा ३५ च्या आसपास जातो. एका दिवसात जवळजवळ वीस अंशांचा फरक. त्यामुळे कपडे निवडताना आधी हे बघावं की अकरा वाजता अंगावरून काय उतरवता येईल आणि उतरवलेलं हातात न धरता कुठे ठेवता येईल.

ऑक्टोबर ते मार्च आलटून पालटून वापरलेले कपडे असे: ५५ टक्के लिनन आणि ४५ टक्के सुती धाग्याचे दोन शर्ट, शुद्ध लिननचा एक, दोन सुती कुर्ते, सैल सुती पँटी, मलमलची ओढणी, खादीची बंडी आणि रबरी तळाचे स्लिप-ऑन बूट. शर्टांच्या पंचवीसेक धुण्या झाल्या.

सर्वात जास्त समाधान मिश्र कापडाच्या शर्टांनी दिलं. शुद्ध लिनन घाम पटकन शोषतं आणि पटकन वाळतं, पण त्याच्या धाग्याला लवचिकपणा नसतो. पंचवटीपर्यंत रिक्षात बसलं की पाठीवर आणि कोपराच्या आत चुण्या पडतात आणि दिवसभर तशाच राहतात. सुती धागा मिसळला की चुणी पडते, पण उभं राहिल्यावर बरीचशी मोकळी होते. कापड १३० ते १५० जीएसएमचं, म्हणजे एका चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचं, घ्यावं. त्याहून पातळ असेल तर पाठीला घाम आला की बनियन दिसतं.

शिवून घेणार असाल तर पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ५८ इंच पन्ह्याचं १.६ मीटर किंवा ३६ इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर कापड लागतं. ते आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, मगच शिंप्याकडे द्या. लिनन पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतं; ३० इंच लांबीचा शर्ट इंच-दीड इंचाने वर चढतो आणि वाकलं की कमरेतून निघतो. न भिजवता शिवलेल्या शर्टाचं नेमकं हेच झालं.

दुसरी अडचण उशिरा दिसते. पंधराएक धुण्यांनंतर शुद्ध लिननच्या कॉलरची घडी पांढुरकी झाली, आणि जवळून पाहिलं तर तिथले धागे तुटून बारीक केस उभे राहिले होते. कारण इस्त्री. एकाच रेषेवर दर वेळी कडक घडी दाबली की लिननचा धागा तिथेच मोडतो. शर्ट ओलसर असतानाच इस्त्री करावी, कॉलर सपाट दाबावी आणि घडी हातानेच वळवावी. बाह्यांनाही धार नको. बाहेर इस्त्रीला देत असाल तर हे सांगूनच द्या, नाहीतर हमखास धार काढून मिळते.

रंगाबद्दल एवढंच, आकाशी आणि फिकट करड्यावर घाम सर्वात आधी दिसतो. पांढरा, गडद निळा किंवा बारीक छापाचा कपडा दुपारीही नीटनेटका राहतो. पांढऱ्याला धोका मिसळीचा. तर्री सांडली तर तिथेच पाणी लावून चोळू नका, तेल पसरतं. कागदी रुमालाने टिपा, वर टाल्कम पावडर टाकून अर्धा तास ठेवा, घरी भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब लावून धुवा. साबण लागताच हळदीचा डाग लालसर होईल, घाबरू नका. कपडा ओलाच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात उडतो. आमच्या शर्टावरचा डाग दोन दिवसांच्या उन्हाने गेला.

पँटीसाठी १८० ते २०० जीएसएमचं सुती कापड पुरेसं आहे. जाड ड्रिल दुपारी मांड्यांना चिकटते. दोन टक्के स्पँडेक्स (ताणला जाणारा धागा) असलेली पँट पांडवलेणीच्या पायऱ्यांवर फार आरामाची वाटली, मात्र कडक इस्त्री आणि उन्हात वाळवणं तिला सोसलं नाही. चौथ्या महिन्यात गुडघ्यांना फुगा आला. ती सावलीतच वाळवावी. कुर्ता घ्यायचा तर दोन्ही बाजूंचे काप मांडीच्या मध्यापर्यंत हवेत, नाहीतर उंच पायरीवर काप उसवतो. कापाच्या टोकाला आडवा टाका घातलेला आहे का, ते दुकानातच बघून घ्या.

सकाळच्या गारव्याला बंडी उत्तम. खिसे मिळतात, काखेत हवा खेळते, आणि साध्या पांढऱ्या शर्टावरही ती रुबाबदार दिसते. अकरा वाजता घडी करून पिशवीत जाते. ओढणी अडीच मीटरची मलमल: सकाळी गळ्याभोवती दोन वेढे, दुपारी डोक्यावर. मीठ टाकून धुतलं की रंग पक्का होतो, यावर विसंबू नका. ओला पांढरा रुमाल ओढणीवर जोरात घासून पाहा. रंग उतरला तर पांढऱ्या कपड्यांबरोबर घालण्याआधी तीन-चार वेळा वेगळी धुवावी लागेल. पैठणीच्या काठाची ओढणी संध्याकाळच्या जेवणासाठी राखून ठेवा, दिवसभराच्या पायपिटीत जरीचा धागा कशातही अडकतो.

रंगपंचमी तुमच्या फिरण्याच्या दिवसांत येत असेल आणि रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, धप्पा (उडी) मारायचा असेल, तर त्यासाठी जुनाच, पण जाडसर सुती कपडा न्या. रहाडीचा रंग पुढे निघेल ही आशा ठेवू नका.

सर्वात जास्त चुका पायांच्या बाबतीत होतात. इथे दिवसातून चार-पाच वेळा पादत्राणं काढावी लागतात, म्हणून नाडीचे बूट नकोत. काळाराम मंदिराच्या आवारातली फरशी दुपारी पाय भाजते, तेव्हा पातळ मोजे पिशवीत असावेत. शुद्ध सुती मोजे घामाने ओले राहतात आणि टाचेला फोड आणतात; थोडं नायलॉन मिसळलेले बरे. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय सुजलेला असतो. पुढे अंगठ्यापलीकडे बोटभर जागा हवी, नाहीतर पांडवलेणी उतरताना नखं बुटाला आपटतात. तळाला खोल खाचा बघा. गोदाघाटाच्या ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर गुळगुळीत तळ सरळ घसरतो. कोल्हापुरी चपला घाटावर नेऊ नका. भिजलेलं कातडं उन्हात वाळलं की पुढून वर वळतं, आणि मग तेलाने फारसं काही होत नाही.