५० एमएम रॅचेट बेल्ट, आठ महिने वापरून लिहितोय

चार स्टार. बेल्ट, म्हणजे गाडीतला माल बांधून रॅचेटने (दातेवाल्या हँडलने) आवळायचा पट्टा, चांगलाय, पण आधी का घेतला ते सांगतो, कारण पट्टा म्हणजे पट्टा, कुठलाही चालतो असं मलाही वाटायचं.

माझी मालवाहतुकीची एकच गाडी आहे. एका पार्टीकडून मशीनचे पार्ट भरले, लोडिंग त्यांच्याच माणसांनी केलं, आमच्या ड्रायव्हरने वरून दोन जुने पट्टे आवळले आणि निघाला. वळणावर पॅलेट (पार्ट रचलेली चौकट) सरकलं ते फाळका तोडून थेट रस्त्यावर. मागच्या कारवाल्याने जोरात ब्रेक मारला, गाडी डिव्हायडरवर गेली आणि त्यातल्या बाईंचा हात मोडला. अजून डोक्यातून जात नाही ते.

मग चूक कोणाची यावरून सुरू झालं. पार्टी म्हणते गाडी गेटबाहेर पडली की जबाबदारी तुमची, मी म्हणतो माल तुम्ही भरला. सर्व्हेअरने आल्या आल्या तुटलेला पट्टा हातात घेतला आणि पट्टा किती जोर सोसतो ते लिहिलेलं लेबल शोधलं, ते कधीच झिजून गेलेलं. वकिलांनी नीट समजावलं, की कायदा जागेप्रमाणे बदलतो पण अमेरिकेत १९५३ च्या सॅव्हेज ट्रक लाइन खटल्यापासून एक सूत्र धरतात: भरण्यातली चूक साध्या नजरेला दिसण्यासारखी असेल तर ती गाडीवाल्याची, बाहेरून दिसणारच नाही अशी असेल तर भरणाऱ्याची. आमचं पॅलेट उघड्यावरच होतं, कोणालाही दिसलं असतं. मी तिथेच गप्प झालो.

आता बेल्ट. लेबल निळं, म्हणजे पॉलिएस्टर, आणि पक्कं शिवलेलं. त्यावर एलसी २५०० आणि एसटीएफ ३०० असे दोन आकडे आहेत, डेकान्यूटनमध्ये, म्हणजे ढोबळमानाने तितके किलो जोर. बहुतेक लोक २५०० बघून खूश होतात आणि तिथेच फसतात, कारण तो पट्टा सरळ ताणला तर किती सोसेल त्याचा आकडा आहे. मालावरून टाकून आवळला की कामाला येतो तो ३०० वाला, म्हणजे हाताने रॅचेट आवळल्यावर पट्ट्यात राहणारा ताण. युरोपियन पद्धतीने हिशोब केला तर १ टन माल, पुढे टेकू नाही, माल आणि गाडीच्या तळातलं घर्षण ०.३ धरलं, तर जोरात ब्रेक लागल्यावर माल जागेवर राहायला असे चार पट्टे लागतात. आम्ही दोन टाकले होते, तेही जुने, आणि पॅलेट १ टनाच्या वरचं. खाली रबराची मॅट घातली आणि घर्षण ०.६ पर्यंत गेलं तर त्याच मालाला हिशोबाने एक पुरतो, मी तरी दोन टाकतोच. मॅट नक्की घ्या, पट्ट्याइतकीच महत्त्वाची आहे.

एक स्टार कापला कारण कोपऱ्याला लावायचे प्रोटेक्टर सोबत येत नाहीत, आणि लोखंडी कडेवर पट्टा घासला की काठ कापला जातो, माझा एक त्यातच बाद झाला. रॅचेट पावसानंतर जाम होतं, तेल द्यावं लागतं.

माल हलून बसला की पट्टा ढिला पडतोच, म्हणून ड्रायव्हर आता पहिल्या ८० किलोमीटरच्या आत थांबून सगळे परत आवळतो आणि मला फोटो पाठवतो, लेबल दिसेल असा.