स्पेक्ट्रा एस-१ प्लस ब्रेस्ट पंप: मोटर दमदार, पण खरी परीक्षा झडपेची

रजा संपून कामावर हजर व्हायच्या आठवड्यात घाईघाईने पंप मागवला जातो आणि पहिली गडबड तिथेच होते. यंत्र हाताला बसायला, दुधाचा अंदाज यायला आणि बाळाला दुसऱ्या कुणाच्या हातून दूध प्यायची सवय लागायला निदान दोन-तीन आठवडे जातात. स्पेक्ट्रा या कोरियन कंपनीचा एस-१ प्लस घ्यायचा असेल तर त्या हिशेबाने आधीच घ्या. रोज तीनदा दूध काढणारीचे पैसे वसूल होतील असा हा पंप आहे. मात्र तो नीट चालतो की नाही, हे त्या निळ्या डब्यापेक्षा त्याला जोडायच्या सिलिकॉनच्या चिमुकल्या तुकड्यांवर जास्त ठरतं.

हा पंप दोन्ही बाजूंचं दूध एकाच वेळी काढतो, म्हणजे चाळीस मिनिटांचं काम वीस मिनिटांत होतं. बॅटरी आतच आहे. याचाच भाऊ एस-२ बॅटरीशिवाय येतो आणि स्वस्त पडतो. बसायच्या जागी हाताशी प्लग असेल तर तोच घ्या. पण आपल्याकडच्या ऑफिसांत या कामासाठी मिळते ती स्टोअररूम, नाहीतर कुणी सुट्टीवर असलेल्या साहेबांची केबिन, आणि तिथला प्लग नेमका कपाटामागे असतो. म्हणून एस-१. पूर्ण चार्ज केल्यावर तीन तासांच्या आसपास चालतो, म्हणजे दिवसातून वीस-वीस मिनिटं तीनदा वापरला तर एक दिवसाआड चार्जिंग पुरतं. अडॅप्टर मात्र त्याचाच लागतो, मोबाइलचा चार्जर लावून भागत नाही.

वजन दीड किलोच्या घरात. डबा, पाण्याची बाटली आणि आइस पॅकची पिशवी घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढणारीला हे वजन रोज नेणं परवडत नाही. कुलूप लागणारा ड्रॉवर मिळत असेल तर यंत्र ऑफिसातच ठेवा. ये-जा फक्त फनेल (स्तनावर बसवायचं नरसाळं), झडपा आणि बाटल्यांची.

बटणांचा गोंधळ वाटतो, पण मूळ गोष्ट सोपी आहे. बाळ आधी भराभर, हलकं चोखतं; पान्हा फुटला की सावकाश, खोल घोट घेतं. यंत्र त्याचीच नक्कल करतं. मसाज मोडमध्ये मिनिटाला ओढीचे ७० फेरे असतात, दूध काढायच्या मोडमध्ये ५४ पासून ३८ पर्यंत. मसाज मोडवर २ किंवा ३ जोराने सुरुवात करा. मिनिट-दोन मिनिटांत धारा सुरू झाल्या की मोड बदला, फेरे ४६ च्या आसपास आणि जोर ४ ते ६. धार थांबून थेंब-थेंब येऊ लागलं की पुन्हा दोन मिनिटं मसाज मोड. बऱ्याच जणींना तेव्हा दुसऱ्यांदा पान्हा फुटतो आणि शेवटचं दाट दूध त्यातच येतं. जोर १२ पर्यंत वाढवता येतो म्हणून वाढवायचा नसतो. दुखायला लागलं की पान्हा आखडतो आणि दूध उलट कमी येतं. घाईत, दार कुणी वाजवेल या धास्तीत बसलं तरी तेच होतं. बाळाचा फोटो किंवा त्याचं दुपटं जवळ ठेवायचा सल्ला भाबडा वाटेल, पण त्याने पान्ह्याला खरोखर मदत होते.

आता फनेल. डब्यात सहसा २४ किंवा २८ मिमीचं येतं आणि बऱ्याच जणींना ते मोठं पडतं. मापायचं ते स्तनाग्राच्या बुडाचा व्यास, भोवतीचा काळा भाग धरायचा नाही. दूध काढण्याआधी साध्या पट्टीने मिलिमीटरमध्ये मापा, त्यात दोन-तीन मिमी मिळवा, ते फनेलचं माप. स्तनाग्र १७ मिमी असेल तर १९ ते २० चं फनेल हवं. बाजारात लहान मापाची सिलिकॉनची आतली कडी मिळते, ती २४ च्या फनेलमध्ये बसवता येते. फनेल मोठं असेल तर काळा भागही नळीत ओढला जातो, नंतर सूज येते आणि एका बाजूला दूध राहून गाठ होते. लहान असेल तर स्तनाग्र कडेला घासतं, पांढरं पडतं. दोन्ही बाजूंचं माप एकच असेल असंही नाही. ‘मला दूधच कमी येतं’ म्हणून आठवडाभर अळिवाचे लाडू खाणाऱ्या कितीतरी जणींची अडचण फनेलच्या मापात असते.

तितकीच महत्त्वाची पांढरी झडप, बदकाच्या चोचीसारखी. ओढ निर्माण होते ती तिच्या चिरेमुळे. रोज तीन-चारदा वापर असेल तर दोन-तीन महिन्यांत ती सैल पडते. चीर उजेडात धरून बघा. आपोआप उघडी राहत असेल किंवा कडेला फाटली असेल तर झडप बदला. सर्वात जास्त झडपा फाटतात त्या बाटलीचा ब्रश आत खुपसल्यामुळे. साबणाच्या पाण्यात बुडवून बाजूंनी हलकेच दाबा, तेवढं पुरतं. जादा जोडी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.

ओढ अचानक कमी झाली तर लगेच मोटरला दोष देऊ नका. आधी झडप, मग नळीचं टोक सैल आहे का, मग दूध मागे जाऊ न देणाऱ्या गोल डबीतला पडदा. तो पडदा ओला राहिला की चिकटतो आणि एकच बाजू मंदावते. डबीचे दोन भाग धुतल्यावर पूर्ण सुकल्याशिवाय जोडू नका. नळ्या धुवायच्याच नाहीत. वाफ धरली तर दूध काढून झाल्यावर नुसता पंप दोन-तीन मिनिटं चालू ठेवला की सुकतात. हे सगळं ठीक असूनही ओढ नसेल, तर मात्र दुकानदाराला फोन करा.

धुण्यासाठी वेगळं घमेलं ठेवा. ऑफिसच्या बेसिनमध्ये जिथे सगळ्यांचे डबे विसळले जातात, तिथे फनेल टेकवायचं नाही. वापरल्यावर आधी गार पाण्याने, मग कोमट पाणी आणि साबणाने धुवा, आणि स्वच्छ कापडावर उघड्या हवेत सुकू द्या. रुमालाने पुसू नका. घरी पातेल्यात पाच मिनिटं उकळा, पण तळाशी मलमलचं कापड घाला, नाहीतर सिलिकॉन तळाला लागून वाकडं होतं. बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर हे रोज. दिवसात तीनदा धुणं जमत नसेल तर फनेल-झडपांचे तीन संच घ्या आणि संध्याकाळी एकदम धुवा. न धुतलेले भाग फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा वापरायची युक्ती बऱ्याच जणी सांगतात, पण तान्ह्या बाळासाठी ती टाळलेली बरी.

किती दूध लागेल याचा हिशेब सोपा आहे. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला सरासरी ७५० मिली पितं, म्हणजे तासाला साधारण ३० मिली. सकाळी आठला निघून संध्याकाळी सातला घरी, हे अकरा तास झाले, म्हणजे ३३० मिली. ११० चे तीन वाटे. ऑफिसात अकरा, दोन आणि साडेचार अशा वेळा धरल्या तर एका वेळेला ११० निघालं की झालं. समाजमाध्यमांवरची दुधाच्या पाकिटांनी भरलेली फ्रिझर बघून जीव घाबरा करू नका. उद्याचं दूध आज निघालं की पुरतं. सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात सुरू झाला की हा आकडा हळूहळू उतरतो.

साठवणीचे नियम एकदा फ्रिजवर चिकटवून ठेवा. ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली ठेवलेल्या बाटलीला हे लागू नाही, ती लगेच गार करा. गोठलेल्या आइस पॅकसोबत बंद पिशवीत २४ तास, पण बाटल्या पॅकला टेकून हव्यात. फ्रिजमध्ये चार दिवस, तेही मागच्या बाजूला, दारात नाही. वेगळ्या दाराच्या फ्रिझरमध्ये सहा महिन्यांत वापरणं उत्तम. एकदारी फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्याचं दार दर तासाला उघडतं, वीज गेली की आधी तोच पाघळतो. तिथलं दूध दोन आठवड्यांत संपवा. पाकिटात ६० ते ९० मिलीच भरा, आडवं गोठवा, वर थोडी जागा सोडा आणि तारीख दूध भरण्याआधी लिहा, ओल्या पाकिटावर पेन चालत नाही. कोमट दूध थेट गार दुधात ओतू नका, आधी तेही गार करा. ऑफिसच्या फ्रिजमध्ये अपारदर्शक पिशवीत, नाव लिहून ठेवा. चहावाल्या काकांच्या हाती बाटली लागायला नको.

गोठवलेल्या दुधाला कधीकधी साबणासारखा वास येतो. दूध नासलेलं नसतं, त्यातलं लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) स्निग्धांश फोडतं म्हणून तसं होतं. बाळ पीत असेल तर सोडून द्या. पीत नसेल तर पुढच्या वेळी ताजं दूध गोठवण्याआधी कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंतच तापवा, उकळू देऊ नका, आणि बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून लगेच गार करा.

आता ज्यांच्या हाती बाळ आहे त्यांचं. पाळणाघरातल्या ताई असोत की आजी, तीन गोष्टी कानावर घालाव्या लागतात. साय वर आणि पाणी खाली असं दिसलं तरी दूध फाटलेलं नाही, बाटली हलकेच गोल फिरवली की एकजीव होतं. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्ह नाही; कोमट पाण्याच्या वाटीत बाटली धरायची. आणि बाळाने उष्टं ठेवलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर टाकायचं, कितीही जीव तुटला तरी. दुसरी गोष्ट आजींना सर्वात जड जाते, कारण आयुष्यभर म्हशीचं दूध उकळूनच दिलेलं असतं. पाजायला बाटलीच हवी असं नाही. वाटी-चमचा किंवा बोंडलं चालतं, धुवायलाही सोपं. बाळाला उभट धरा आणि दूध ओठाशी लावा, तोंडात ओतू नका.

हा पंप नको असेल तर पर्याय दोन. ब्रामध्ये बसणारे बिनतारी पंप दिसायला फार सोयीचे; मीटिंगमध्ये बसूनही चालतात. पण वाकलं की सांडतात, फनेल नीट बसलंय का ते दिसत नाही आणि कपात दूध मावतं तेवढंच मावतं. दुसरा पंप म्हणून ठीक, एकमेव म्हणून नाही. हाताने दाबायचा साधा पंप मात्र प्रत्येकीच्या कपाटात असावा. चार्जिंग संपलं, झडप फाटली, गाडी उशिरा आली, तेव्हा तोच कामी येतो. निव्वळ हाताने दूध काढायलाही शिकून घ्या, त्याला काही विकत घ्यावं लागत नाही. एस-१ वापरताना हात मोकळे हवेत तर महागड्या ब्राची गरज नाही. जुन्या स्पोर्ट्स ब्राला दोन आडव्या चिरा द्या, फनेल त्यातून घाला.

एचआरकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना रजा २६ आठवड्यांची आहे, त्यातली आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येते. ती घेतली असेल तर कामावर परतताना बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं, वरच्या अन्नाची वेळही आलेली नसते. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन जादा सुट्ट्या दूध पाजण्यासाठी कायद्याने मिळतात. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय आणि दिवसातून चारदा तिथे जायची मुभाही आहे. वेळा लेखी कळवा आणि कॅलेंडरवर रोजच्या रोज अडवून ठेवा.

दूध खरोखरच जास्त निघत असेल तर मिल्क बँकेत देता येतं. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली सुरू झालेली बँक आशियातली पहिली. आधी फोन करून त्यांच्या तपासण्या आणि साठवणीच्या अटी विचारा, कारण घरात आधीच गोठवलेलं दूध चालेलच असं नाही.

मैत्रिणीचा वापरलेला एस-१ मिळत असेल तर कंपनीच्या मते हा पंप एकाच आईसाठी आहे, हे लक्षात ठेवा. दुधाचा मोटरशी संबंध येऊ नये म्हणून मधे पडदा आहे, तरीही फनेल, झडपा, डबी आणि नळ्या सगळ्या नव्या घ्या, आणि घेण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करून किती वेळ टिकते ते घड्याळ लावून बघा.